चार कोपऱ्यांचे कुंकू

पडद्यावर दाखवायच्या पानांनाही कपडे निवडावे लागतात, हे मला निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कळले. तोवर माझी समजूत अशी होती की मजकूर यंत्रात लिहिला की तो भिंतीवर उमटतो, आणि पुढे बोलणाऱ्याने बोलावे. मी स्वतः बोलणाऱ्यांपैकी कधीच नव्हते. संस्कृत घेऊन एम.ए. केले खरे, परंतु वर्गासमोर उभे राहून बोलणे मला जमणारे नव्हते, म्हणून झाशीतल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाले. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारायचा आणि ते खिडकीतून पुढे सरकवायचे, या व्यवहाराला शब्द फार लागत नाहीत. लिहायला बसले ती साठी उलटल्यावर, आणि चार लोकांसमोर उभी राहिले ती त्याहूनही उशिरा.

आमच्या शहरातला मराठी समाज लहान आहे. काही घरे माझ्या माहेरासारखी, पिढ्यानपिढ्या इथेच रुजलेली. काही माझ्या यजमानांसारखी, रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळ-नागपूरकडून आलेली. एरवी एकमेकांची गाठ भाजी घेताना पडते आणि तेथे बोलणे हिंदीतूनच होते. गणेशोत्सवात मात्र एका संध्याकाळी एक तास निव्वळ मराठीचा असे. कधी व्याख्यान, कधी कथाकथन. हा तास प्रेम नगरातल्या काकांनी आयुष्यभर सांभाळला. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी काका गेले, आणि त्यानंतरच्या समाजाच्या पहिल्याच बैठकीत कार्यवाहांनी तो तास बंद करण्याचा विषय मांडला.

कार्यवाह मनाने वाईट नव्हेत. ते म्हणाले, "गेल्या वर्षी व्याख्यान संपलं तेव्हा हॉलमध्ये वक्ते, मी आणि माइकवाले भैया, एवढेच उरलो होतो. मुलं बाहेर चाट खात होती. मराठी समजतं त्यांना, पण तासभर ऐकवत नाही. त्यापेक्षा हिंदीत क्विज ठेवू. बच्चे भी खुश, हम भी खुश."

काकांच्या पत्नी, आमच्या सर्वांच्या काकू, पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या. "हे असते तर असं बोलायची तुझी हिंमत झाली असती का रे?"

"काकू, नाराज नका होऊ. या वर्षी एकदा करून पाहू. लोक बसले तर तास राहील. उठले तर पुढल्या वर्षी क्विज."

मी अशा बैठकीत कधीच बोलत नसे. बोलले ते माझे यजमान. रेल्वेत गार्ड म्हणून ते निवृत्त झाले, आणि थांबलेली गाडी त्यांना बघवत नाही. "आमच्या हिला उभं करा," ते म्हणाले. "जुन्या घरांतल्या शब्दांची हिच्याकडे पेटीच्या पेटी आहे. आणि सूनबाई शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. त्या चित्रं लावून देतील. चित्रं असली की पोरं बसतात."

मी संकोचाने पदर तोंडाशी नेला. बैठकीने ती संमती समजली.

घरी परतताना मी म्हटले, "अहो, मला एकदा विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणूनच नाही विचारलं."

सून आमची गरौठ्याची. तिच्या माहेरी बुंदेली बोलतात. मराठी तिला सगळी कळते. बोलताना मात्र ती ओढा ओलांडणाऱ्या माणसासारखी दगड पाहून पाऊल टाकते, आणि दगड दिसला नाही की हिंदीवर उडी मारते. तिने लॅपटॉप उघडला आणि माझ्यासमोर थीमचे पान ठेवले. छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येकीचा रंग निराळा, अक्षर निराळे, नक्षी निराळी. सीपरी बाजारातला साडीवाला जसा एकामागून एक घड्या मोडत जातो आणि शेवटी आपल्याला पहिली कोणती आवडली होती तेच आठवेनासे होते, तशी माझी अवस्था झाली.

"मम्मीजी, हे घ्या. एकदम क्लासी." तिने एक चौकट मोठी केली. काळीकुळकुळीत पार्श्वभूमी आणि खाली सोन्याच्या तारेसारखी एक रेघ.

"अगं, गणपतीत काळं?"

"संक्रांतीला तर तुम्हीच काळी साडी देता मला."

"ती संक्रांत. काळं त्या एका दिवसापुरतं."

"तो फिर इसे जनवरी के लिए रख लेते हैं," असे म्हणून तिने ती चौकट मिटली.

पुढची पानाफुलांची होती. तिच्यावर शब्द लिहिले तर ते पत्रावळीवर वाढल्यासारखे दिसले असते. एक लाकडी फळीची होती, ती थेट दुकानाची पाटी. निळ्या लाटांची पाहून वाटले, आता कोणीतरी विम्याचा हप्ता मागणार. यजमान चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले होते. लाल थीम आली तसे ते म्हणाले, "लाल नको बुवा. लाल दिसलं की माझी गाडी उभी."

"मग पापाजी, हिरवी?"

"हिरवं दिसलं की माणूस निघून जातो. तुम्हाला लोक बसवायचेत ना?"

या वादात संध्याकाळ गेली. अखेर मीच भीत भीत म्हटले की यातले काहीच नको, कोरे पान घेऊन आपणच त्याला सजवता येत नाही का? सुनेचा चेहरा खुलला. वर्गातला मठ्ठ विद्यार्थी अचानक बरोबर प्रश्न विचारतो तेव्हा शिक्षकांचा खुलतो, तसा. तिने मला एक आतले पान दाखवले, ज्याला ती मास्टर म्हणत होती. "हे मूळ पान. इथे जे ठेवाल ते सगळ्या पानांवर आपोआप येतं. हर पन्ने पर अलग मेहनत नहीं."

ही व्यवस्था मला ओळखीची वाटली. संस्कृत व्याकरणात अधिकारसूत्र असते. ते एकदा सांगितले की पुढच्या सूत्रांत न सांगताही हजर राहते. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेले काहीतरी या यंत्रात भेटले म्हणून मला इतका आनंद झाला की मी त्या रात्री स्वयंपाकात मीठ विसरले. अधिकाराची हद्द कोठे संपते हेही सांगावे लागते, हा त्या पाठाचा दुसरा भाग मात्र मला तेव्हा आठवला नाही.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. पार्श्वभूमीला मला हळदीचा रंग हवा होता, पण तो पडद्यावर कावीळ झाल्यासारखा दिसे. शेवटी हळद लागलेल्या अक्षतांचे छायाचित्र काढून त्यातला सर्वांत फिका दाणा निवडला. छायाचित्रातल्या कोणत्याही ठिपक्यावर बोट ठेवले की तो रंग उचलता येतो, ही सोय कळल्यावर मी घरभर रंग उचलत हिंडले. मथळ्यांचा रंग माझ्या चंदेरी साडीच्या काठावरून घेतला आणि त्याच काठाची बारीक पट्टी पानाच्या खालच्या कडेला लावली. अक्षरांवरून आमचा थोडा मतभेद झाला. यंत्रातली अक्षरे हिंदी वळणाची होती, आणि मला 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे हवे होते.

"ल तर ल आहे ना, मम्मीजी?"

मी कागदावर दोन्ही काढून दाखवले. तिने जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, "अरे हाँ! तुमच्या चिठ्ठीत असाच असतो. मला वाटायचं, तुमचा हात तसा आहे." मग तिने चिकाटीने शोधून तसे अक्षर आणले.

एवढे झाले तरी पान मला परकेच वाटत होते. काय राहिले ते दुसऱ्या दिवशी पूजेला बसले तेव्हा उमगले. आमच्याकडे शुभकार्याच्या पत्रिकेवर माथ्याशी श्री असते, आणि पहिली पत्रिका देवापुढे ठेवण्याआधी तिच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावतात. मी कुंकू ओले केले, अनामिका पांढऱ्या कागदावर टेकवली, सुनेने त्याचे छायाचित्र काढले. मूळ पानाच्या माथ्यावर श्री आणि चार कोपऱ्यांत माझ्याच बोटाचे ठसे बसले. आता प्रत्येक पान आमच्या घरचे आमंत्रण झाले होते. मी ते पुनःपुन्हा उघडून पाही, आणि यजमान विचारीत, "काय, अजून कोणी आलं नाही का जेवायला?"

आत घालायची चित्रे घरोघरी जाऊन जमवली. तांदूळ धुण्याची रोवळी, आमटी वाढण्याचे खोलगट ओगराळे, आंघोळीच्या पाण्याचे घंगाळ. पंचपाळे मात्र काकूंकडेच होते. हळद, कुंकू, अक्षता ठेवायला पाकळ्यांसारख्या वाट्या असलेले पितळेचे पात्र. प्रेम नगरात गेले तेव्हा काकूंनी ते ट्रंकेच्या तळातून, जुन्या धोतराच्या फडक्यातून काढले.

"आता याचा मला काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "घेऊन जा, फोटो काढ. पण नीट काढ हो, पाकळ्या दिसल्या पाहिजेत." मग कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारले, "बसतील ना गं लोक?"

"माहीत नाही, काकू."

"खरं बोललीस. ह्यांचंही दर वर्षी हेच. 'बसतील ना लोक?' मी म्हणायची, मी तर बसतेय."

कार्यवाहांनी सुचवले होते की शेवटी काकांचे छायाचित्र दाखवून दोन शब्द बोलावेत. काकूंनी त्यांचा एक फोटो दिला. गळ्यात उपरणे, हातात वाटायच्या पत्रिकांचा गठ्ठा. तो मी शेवटच्या पानावर ठेवला.

गणपतीतल्या त्या संध्याकाळी प्रोजेक्टर भाड्याने आणला होता, माझ्या शेजारी लॅपटॉपपाशी सून बसली होती आणि हॉलमधले दिवे मालवले होते. अंधाराचा मला मोठा आधार वाटला. पहिली दोन पाने मी कागदावरून वाचली आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मग रोवळी पडद्यावर आली. मी विचारले, हिला काय म्हणतात?

"छलनी!" मुलांतून आवाज आला.

"टोकरी!"

"हेलमेट!" हा यजमानांच्या शेजारी बसलेला आमचा नातू असावा, किंवा यजमान स्वतः.

लोक हसले आणि मी हातातला कागद खाली ठेवला. ओगराळ्याला मुलांनी चमचा म्हटले तेव्हा पुढच्या रांगेतून काकू कडाडल्या, "चमच्यानं आमटी वाढतात का रे कोणी?" बरे चालले होते. तरीही बाहेर चाटवाल्याच्या तव्यावर उलथणे वाजू लागले तशी मागच्या खुर्च्यांची करकर सुरू झाली. माझ्या जागेवरून मला दाराच्या उजेडात जाणारी डोकी दिसत होती. कार्यवाहांनी मनगट डोळ्यांजवळ नेले. घंगाळाच्या पानावर आणखी काही गेले. पंचपाळ्यापर्यंत पोहोचले तेव्हा मागच्या रांगा जवळजवळ मोकळ्या होत्या, आणि मला कळून चुकले की काकांचा तास माझ्या हातून चालला आहे. मी घाईने पुढचे पान आणले.

काका पडद्यावर आले. आणि त्यांच्या माथ्यावर श्री, चार कोपऱ्यांत कुंकू.

आमच्या घरांतून कोणी गेल्याचे पत्र लिहितात तेव्हा त्यावर श्री नसते आणि त्याला कुंकू लागत नाही. हे आम्हांला शिकवावे लागत नाही. लहानपणी दारात असे पत्र आले की आई ते हातात घेण्यापूर्वीच ओळखत असे. ते पान मी घरी कितीदा तरी पाहिले होते. पण आपण मन लावून केलेली नक्षी काही दिवसांनी भिंतीसारखी होते, तिच्याकडे नजर जात नाही. गरौठ्याच्या सुनेला हा संकेत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला होते.

दुसऱ्या रांगेतून "अगंबाई" असा उद्गार आला. कार्यवाह कुजबुजले, "वहिनी, श्री... कुंकू..." माझे पुढचे वाक्य कोठे गेले ते मला अजून सापडलेले नाही. मी वाकून सुनेच्या कानाशी म्हटले, "कुंकू काढ. लगेच."

तिने का म्हणून विचारले नाही. ती मूळ पानात गेली. भरसभेत आमच्या सजावटीचे सगळे माजघर पडद्यावर उघडे पडले. तिने चारही ठसे निवडले आणि एक कळ दाबली. डाव्या बाजूला सर्व पाने लहान होऊन एकाखाली एक उभी होती. त्या सगळ्यांवरून, रोवळीवरून, घंगाळावरून, पंचपाळ्यावरून, एकाच क्षणी कुंकू नाहीसे झाले.

"अगं," काकूंचा आवाज खणखणीत उमटला, "एकाचं पुसायला सांगितलं, तर हिनं सगळ्यांचंच पुसलं!"

हा विनोद करण्याचा अधिकार त्या सभागृहात फार थोड्यांना होता, आणि त्याला हसण्याचा कोणालाच नव्हता. मग काकूच हसल्या. आधी खांदे हलले, मग खोकल्यासारखे काही आले, मग त्या पदराने डोळे पुसत मोकळ्या हसू लागल्या, आणि त्यांच्यामागून सारे सभागृह.

"लाव बाई, परत लाव," त्या सुनेला म्हणाल्या. "सगळ्यांना लाव. ह्यांनाही. जन्मभर पत्रिका वाटत हिंडले. कुंकवावाचून ह्यांना ओळखणार कोण?"

सुनेने एक कळ दाबली. कुंकू जिथल्या तिथे परत आले. इतके सोपे असते ते, असे कोणीतरी हळूच म्हणाले. कोण ते मी पाहिले नाही.

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "दादी, लेकिन पोंछते क्यों हैं?"

"मराठीत विचार, मग सांगते."

मुलीने ओठ चावले. "आजी... कुंकू... का पुसतात?"

"कोणीतरी कधीतरी सांगितलं म्हणून. मला कोणी विचारलं नव्हतं." काकू मागे वळून बसल्या होत्या, आता त्यांचे तोंड पडद्याकडे नसून लोकांकडे होते. "तुमच्याकडे रेल्वेवाल्यांत काय करतात गं?"

भुसावळकडच्या एक बाई उठल्या आणि आपल्याकडची रीत सांगू लागल्या. त्यांना आमच्या जुन्या घरातल्या एकीने तोडले. कोणी म्हणाले, दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडतात. कोणी म्हणाले, छे, ते फक्त तारेच्या जमान्यात. मुले मध्येच प्रश्न विचारीत, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत, आणि काकू हिंदी अर्ध्याकडे काणाडोळा करीत. हशा ऐकून बाहेरचे लोक हातात चाटचे द्रोण घेऊन दारात आले आणि आत काय चालले आहे ते पाहता पाहता बसले. मी पडद्याशेजारी उभी होते. मला मुळीच बोलावे लागत नव्हते, आणि याहून अधिक माझ्या प्रकृतीला मानवणारे व्याख्यान असू शकत नाही. तास उलटला तेव्हा कार्यवाहांनी घड्याळ दाखवले.

"ते खिशात ठेव," काकू म्हणाल्या.

"काकू, ते मनगटाला आहे."

"मग हात खिशात ठेव."

दिवे लागल्यावर कार्यवाह माझ्याजवळ आले. "वहिनी, क्विज ठेवूच. पण मराठी तासानंतर." मग लॅपटॉपकडे बोट दाखवून, "आणि ही तुमची थीम मला पाठवाल? समाजाच्या पत्रिकेला चालेल."

दुसऱ्या दिवशी मी पंचपाळे परत द्यायला गेले आणि सवयीने ट्रंकेकडे वळले. "तिथे नको," काकू म्हणाल्या. "देवापाशी ठेव. बायका येतात-जातात, त्यांना लावायला काही तरी हवं की." मी ते देवापाशी ठेवले. त्यांनी कुंकवाची पुडी आधीच सोडून ठेवली होती.

सुनेने पुढे मला दाखवले की एखाद्याच पानावरून मूळ पानाची सजावट झाकायची असेल तर एका चौकटीत खूण करावी लागते, बाकीच्या पानांना धक्का लागत नाही. "मम्मीजी, एक टिक का काम था," ती कपाळावर हात मारून म्हणाली. तास पुढल्या वर्षीही झाला, त्याच्या पुढच्या वर्षीही. संक्रांतीला सुनेने जपून ठेवलेली ती काळी थीमही एकदाची वापरली, आणि यजमानांनी तिला रात्रपाळी असे नाव दिले. दर गणपतीत शेवटचे पान त्या वर्षी गेलेल्यांचे असते. ते तयार करताना मी त्या चौकटीपाशी जाते, काकूंचा विचार करते, आणि चौकट मोकळी ठेवून पुढे सरकते.